पिना, सॉकेट आणि वर्गातले हसू

पत्र :

"मी पश्चिम महाराष्ट्रातील एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री या व्यवसायाचा शिल्प निदेशक असून या कामाला मला अकरा वर्षे झाली आहेत. यंदाच्या वीस जणांच्या तुकडीत चार मुली आहेत. प्लग आणि सॉकेट जोडण्याचे प्रात्यक्षिक घेताना मी नेहमीप्रमाणे 'मेल' (पिना असलेला भाग) आणि 'फिमेल' (पिना ज्यात शिरतात तो भाग) हे शब्द वापरले आणि लक्षात राहावे म्हणून दर वर्षी सांगतो तो विनोदही सांगितला. मुले हसली. नेहमी टेबलाला चिकटून उभी राहणारी आणि सर्वांत जास्त प्रश्न विचारणारी एक विद्यार्थिनी त्या दिवसापासून मागे जाऊन उभी राहते आणि एक शब्द बोलत नाही. त्याच महिन्यात, आमच्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेणाऱ्या एका कारखान्याने कळवले की त्यांनी आपल्या नकाशांतून हुकूम देणाऱ्या आणि तो पाळणाऱ्या उपकरणांसाठीचे 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' (मालक आणि गुलाम) हे शब्द काढले आहेत, तेव्हा मुलांना नवे शब्द शिकवून पाठवा. मी हा विषय सहकाऱ्यांपुढे काढला, तर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले की हे परदेशी खूळ आहे, अशाने मुले परीक्षेतही अडखळतील आणि कारखान्यातही गोंधळतील. शब्द खरोखरच बदलावेत का? बदलले तर मुलांचे नुकसान होणार नाही ना? आणि त्या मुलीशी मी काय बोलावे?"

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तिसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येतो, कारण त्याचे उत्तर आधीच्या दोन उत्तरांवर अवलंबून आहे. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी, की 'मेल-फिमेल' हे शब्द आणि तुमचा विनोद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शब्द तुमच्याकडे तुमच्या गुरुजनांकडून आणि कॅटलॉगांतून आले. विनोद तुम्ही स्वतः निवडून सांगितला, आणि तो आजपासून बंद करण्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. मी तीस वर्षे नियंत्रण पॅनेल बांधण्याच्या आणि जागेवर जाऊन चालू करून देण्याच्या कामात घालवली आहेत, आणि असे विनोद ऐकून इतरांबरोबर हसलोही आहे. आमच्या गटातल्या एका तरुण अभियंता मुलीने काही महिन्यांतच दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. तिने कारण सांगितले नाही आणि मीही विचारले नाही, याची खंत मला आजही आहे.

आता शब्दांकडे वळू. आपल्याकडे नळाच्या फिटिंगपासून लेथवरच्या कामापर्यंत 'नर-मादी' सर्रास चालते, आणि विजेच्या कामात तीच जोडी इंग्रजी रूपात आली. या जोडीविषयी माझी पहिली तक्रार शिकवणारा माणूस म्हणून आहे. ती वस्तूचे काम सांगत नाही, आणि कित्येकदा तिचा आकारही धड सांगत नाही. तुमच्या संस्थेतल्या एखाद्या संगणकाच्या पाठीमागे पॉवर केबल लावायचे जे तोंड असते, ते मुलांना दाखवा. बाहेरून पाहिले तर तो खळगा आहे आणि आत डोकावले तर तीन पिना उभ्या आहेत; त्यात शिरणारे केबलचे टोक ठोकळ्यासारखे असून त्याला तीन खाचा आहेत. यातले कोण नर आणि कोण मादी, असे विचारा, म्हणजे वर्गात लगेच दोन तट पडतील. पिना कोणाकडे आहेत त्यावरून ठरवायचे, हा नियम ज्याला ठाऊक आहे तोच बरोबर उत्तर देतो. म्हणजे निकाल शेवटी पिनांवरच लागतो, तर सुरुवातही पिनांच्या नावानेच का करू नये? भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १२९३ हे मानक याच वस्तूंचे आहे आणि त्याच्या शीर्षकातच प्लग आणि सॉकेट-आउटलेट असे शब्द आहेत, त्यामुळे 'पिनांची बाजू' आणि 'सॉकेटची बाजू' असे म्हणताना तुम्ही काही नवीन काढत आहात असेही नाही.

शिवाय पिना आणि सॉकेट म्हटले की त्याच वाक्यात सुरक्षेचा नियम सांगता येतो: वीज ज्या बाजूने येते तिथे सॉकेट आणि वीज जिथे घ्यायची तिथे पिना, कारण उघड्या पिनेत वीज कधीही असता कामा नये. थ्री-पिन टॉपची, म्हणजे तीन पिनांच्या प्लगची, अर्थिंगची पिन बाकीच्या दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड का असते, हेही याच ओघात येते; टॉप लावताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे म्हणून ती लांब असते. आता त्या जीवघेण्या वायरीचा विचार करा, जी गणपतीच्या मांडवात किंवा वीज गेल्यावर जनरेटरवर घर चालवण्यासाठी कोणीतरी घाईघाईने तयार करतो आणि जिच्या दोन्ही टोकांना टॉप असतो. एक टोक जनरेटरला लागले की दुसऱ्या टोकाच्या पिनांवर २३० व्होल्ट उघडे उभे राहतात. आणि मेन स्विच बंद न करता ते टोक भिंतीवरच्या सॉकेटात घातले, तर वीज उलट्या दिशेने लाइनवर चढते आणि 'लाइन बंद आहे' या भरवशावर खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतते. या वायरीला 'मेल-टू-मेल' म्हटले की मुले एकमेकांकडे पाहून हसतात. तिला 'दोन्ही टोकांना उघड्या पिना असलेली वायर' म्हणा. कोणी हसणार नाही, कारण धोका नावातच दिसतो. माझ्या मते बदलाचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे. कोणाला वाईट वाटू नये हे कारण पुरेसे आहेच, पण नवा शब्द निवडताना तो त्या वस्तूचे काम किंवा तिचा धोका सांगणारा असेल, तर तो जुन्या शब्दापेक्षा उपयुक्तही ठरतो आणि मग टिकतोही.

मुलांचे नुकसान होईल का? जुने शब्द लपवून ठेवलेत तर नक्की होईल. तुमचा विद्यार्थी उद्या मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कनेक्टर आणायला गेला, तर दुकानदार त्याला 'मेल पाहिजे का फिमेल?' असेच विचारणार आहे, आणि कॅटलॉगातही बहुतेक ठिकाणी तेच छापलेले असणार आहे. म्हणून जुना शब्द एकदा, स्वच्छ चेहऱ्याने, त्याचा अर्थ सांगून फळ्यावर लिहा, बाजारात आणि प्रश्नपत्रिकेत तो भेटेल हे सांगा, आणि त्यानंतर वर्षभर तुमच्या तोंडी आणि वहीत नवा शब्द असू द्या. हीच रीत धातू घासायच्या त्या कानशीलाही लागू पडते, जिच्यामुळे पहिल्या वर्षीच्या फिटिंगच्या कामात दर वर्षी खसखस पिकत असणार. कानशीच्या दातांच्या प्रती 'रफ', 'बास्टर्ड', 'सेकंड कट', 'स्मूथ' आणि 'डेड स्मूथ' अशा क्रमाने शिकवल्या जातात, आणि त्यातल्या 'बास्टर्ड'चा अर्थ एवढाच की ही प्रत धड खरखरीतही नाही आणि धड बारीकही नाही. परीक्षेत हा शब्द येऊ शकतो, म्हणून तो माहीत हवा. पण हत्यार मागताना 'मध्यम दातांची कानस द्या' म्हटल्याने कानस काही कमी घासत नाही.

'मास्टर' आणि 'स्लेव्ह' यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे वर्गात कोणी हसत नाही, आणि म्हणूनच काही खटकतही नाही. १९०४ साली केप टाउनच्या वेधशाळेतील खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड गिल यांनी, एका घड्याळाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या दुसऱ्या घड्याळाचे वर्णन करताना 'स्लेव्ह' हा शब्द वापरला होता, आणि यंत्रांच्या बाबतीत तो या अर्थाने आल्याच्या जुन्या नोंदींपैकी ती एक आहे. त्या केप वसाहतीत गुलामगिरी कायद्याने संपली ती १८३४ साली. म्हणजे गिल यांनी तो शब्द लिहिला तेव्हा गुलामांची मुले आणि नातवंडे त्याच शहरात राहत होती. डच ईस्ट इंडिया कंपनीने तिथे गुलाम म्हणून नेलेल्या माणसांमध्ये बंगालमधली, मलबारची आणि कोरोमंडल किनाऱ्यावरची माणसेही होती. तुमच्या सहकाऱ्यांना हे जरूर सांगा, कारण 'परदेशी खूळ' म्हणताना आपण असे धरून चालतो की ती गुलामगिरी कोणा दुसऱ्यांची होती. आणि इतके दूर जायचे नसेल, तर साइटवर मदतनिसाला आपण काय म्हणतो ते आठवा. 'बिगारी' हा शब्द बेगारीतून आला आहे, म्हणजे मोबदल्याशिवाय सक्तीने करून घेतलेल्या कामातून. वेठबिगारीला कायद्याने बंदी येऊन १९७६ पासून इतकी वर्षे झाली, तरी वायर ओढून देणाऱ्या, पाइप धरून उभ्या राहणाऱ्या माणसाला आपण दिवसभर त्याच नावाने हाक मारतो. त्याला नाव असते. ते विचारून घ्यावे आणि त्या नावाने बोलवावे.

कारखान्याने कळवलेला बदलही लहरीचा नाही. पॅनेलवरचे मीटर, मोटारीचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह आणि यंत्रे चालवणारा छोटा संगणक म्हणजे पीएलसी ज्या मॉडबस पद्धतीने एकमेकांशी बोलतात, ती १९७९ साली निघाली आणि चार दशके तिच्यात 'मास्टर-स्लेव्ह' हेच शब्द होते. जुलै २०२० मध्ये मॉडबस संघटनेने त्यांच्या जागी 'क्लायंट-सर्व्हर' हे शब्द स्वीकारले. इलेक्ट्रॉनिक सर्किटांतल्या चिपा ज्या तारांवरून एकमेकींशी बोलतात त्या आय-टू-सी बसच्या मूळ दस्तऐवजात २०२१ साली 'कंट्रोलर' आणि 'टार्गेट' हे शब्द आले. इथे मात्र तुम्हाला शिक्षक म्हणून सावध राहावे लागेल, कारण मॉडबसचे नवे शब्द ऐकणाऱ्याला उलटे वाटतात. 'सर्व्हर' म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे थंड खोलीतले मोठे कपाट उभे राहते आणि ती पीएलसीला सर्व्हर समजतात. प्रत्यक्षात विचारतो तो क्लायंट आणि मागितलेली माहिती पुरवतो तो सर्व्हर. म्हणजे प्रश्न विचारणारा पीएलसी क्लायंट झाला आणि विचारल्यावर व्होल्टेज, करंट सांगणारा तळहाताएवढा मीटर सर्व्हर झाला. मी मुलांना मराठीत 'विचारणारा' आणि 'सांगणारा' असे शिकवतो, आणि त्यानंतर कोणी चुकल्याचे मला आठवत नाही. मीटरच्या मेन्यूत अजून कित्येक वर्षे 'स्लेव्ह आयडी' असेच दिसेल; तिथे १ ते २४७ मधला पत्ता द्यायचा असतो आणि एका केबलवर दोन मीटरना एकच पत्ता दिला तर दोघेही एकदम बोलू लागतात, हे मुलांना त्या जुन्या शब्दासकट दाखवावे लागेल. उपकेंद्रात मात्र ही अडचण आधीच सुटलेली आहे. समांतर चालणाऱ्या रोहित्रांचे (ट्रान्सफॉर्मरांचे) टॅप, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करायचे टप्पे, एकाबरोबर दुसऱ्याने बदलायचे असतात, तेव्हा त्या पद्धतीला फार पूर्वीपासून 'मास्टर-फॉलोअर' म्हणतात, आणि त्या नावामुळे कोणत्याही रोहित्राचे काही अडलेले नाही.

शब्द बदलण्यात खरा धोका एकच आहे आणि तो तुमच्या सहकाऱ्यांनी बोलून दाखवला आहे, त्याकडे मी दुर्लक्ष करत नाही. विजेच्या कामात नाव चुकले तर माणूस मरतो. आपल्या भागातलेच उदाहरण घ्या. रोहित्राला, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या डीपीला, ती ज्या वस्तीत उभी असते त्या वस्तीचे नाव पडते. जातींवरून पडलेली वस्त्यांची नावे बदलून समता नगर, भीम नगर, ज्योती नगर अशी नावे द्यावीत, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तो निर्णय योग्यच होता, आणि वस्तीचे नाव बदलले तर त्या वस्तीच्या डीपीचे नावही बदललेच पाहिजे. ज्या नावाचा अपमान वस्तीच्या फलकावर नको, तो डीपीच्या पेटीवर तरी का असावा? पण ते नाव पेटीवर बदलले आणि उपकेंद्रातल्या नोंदवहीत राहून गेले, किंवा नकाशात बदलले आणि लाइनवरच्या लोकांच्या बोलण्यात राहिले, तर परमिट, म्हणजे लाइन बंद करून काम करण्याची लेखी परवानगी, एका डीपीचे आणि माणूस दुसऱ्या डीपीवर, असे होऊ शकते. म्हणून फलक, नकाशा, नोंदवही आणि परमिटचा कागद या चारही ठिकाणी नाव एकाच दिवशी बदलावे, आणि काही काळ नोंदवहीत जुने नाव 'पूर्वीचे' असे स्पष्ट लिहून ठेवावे. तुमच्या कार्यशाळेतही हेच करा. प्रात्यक्षिकाच्या बोर्डांवरच्या पट्ट्या, वहीतल्या आकृत्या आणि तुमची स्वतःची भाषा एकदमच बदला. एका टेबलावर नवा शब्द आणि दुसऱ्यावर जुना, असे एकही सत्र जाऊ देऊ नका.

जातीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. ओबडधोबड वायरिंगला एखाद्या जातीचे नाव लावून हिणवण्याची सवय आपल्या व्यवसायात आजही आहे. ते शब्द मी इथे लिहिणार नाही. तुम्हाला ते माहीत आहेत आणि तुमच्या तुकडीतल्या काही मुलांना ते घरापासून माहीत आहेत. त्यांच्याबाबत 'प्रश्नपत्रिकेत येतील' ही सबबही नाही. ते कार्यशाळेच्या दारातून आत येऊ देऊ नका, आणि असा शब्द निदेशकाच्या तोंडून आला तर मुलांसमोरच थांबवा.

याउलट, शब्दकोश घेऊन दोष शोधत बसण्याची गरज नाही. 'ब्लॅक स्टार्ट', म्हणजे सगळीकडची वीज गेल्यावर यंत्रणा पुन्हा चालू करणे, या शब्दात काळोख आहे, माणसाचा रंग नाही. ब्रिटनमध्ये त्याऐवजी आता 'विद्युत यंत्रणा पुनःस्थापना' अशा अर्थाचे नाव वापरतात आणि त्यालाही माझा विरोध नाही, पण तो बदल झाला नाही म्हणून कोणी कार्यशाळेत मागच्या रांगेत जाऊन उभे राहणार नाही. तारांच्या जोडाचे 'मॅरीड जॉइंट' हे नाव तर मला आवडते. तारांचे पीळ एकमेकांत घट्ट गुंफलेले असतात हे त्या नावातून कळते. कोणता शब्द आधी बदलायचा हे ठरवताना मी इतकेच पाहतो, की तो ऐकून समोरच्यापैकी कोणाची मान खाली जाते का.

ज्येष्ठ सहकाऱ्यांशी वाद घालू नका. त्यांना त्यांच्याच व्यवसायाची उदाहरणे द्या. आपल्या संस्थांच्या पाटीवर आणि प्रमाणपत्रांवर वर्षानुवर्षे 'वीजतंत्री', 'तारतंत्री' आणि 'जोडारी' हे शब्द आहेत. इंग्रजीतल्या 'वायरमन'मध्ये पुरुष आहे, आपल्या 'तारतंत्री'मध्ये नाही. तो शब्द मुलीलाही जसाच्या तसा लागतो आणि त्यासाठी कोणाला आंदोलन करावे लागले नाही. महावितरणच्या लाइनवर काम करणाऱ्यांना आता 'जनमित्र' म्हणतात आणि लोकही म्हणू लागले आहेत. पॅनेलवरच्या पडद्याला पूर्वी एमएमआय, म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यामधला दुवा, असे इंग्रजीत म्हणत. त्यातला 'मॅन' जाऊन 'ह्युमन' आला आणि त्याचे एचएमआय झाले. तुमचे सहकारी रोज एचएमआय म्हणत असतील आणि हा बदल कधी झाला हे त्यांच्या लक्षातही नसेल.

आणि त्यांना पोकायोके या शब्दाची हकिगत सांगा. पुणे-चाकण पट्ट्यातल्या कोणत्याही कारखान्यात हा शब्द रोज ऐकू येतो: चूक होऊच नये अशी रचना. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी ही पद्धत आणली तेव्हा तिचे नाव 'बाकायोके' होते, म्हणजे मूर्खाने केलेल्या चुकीपासून बचाव. १९६३ साली एका मोटार कारखान्यात ते उपकरण बसवल्यावर तिथली एक कामगार महिला, आपण इतके मूर्ख आहोत का, असे म्हणून रडू लागली. शिंगो यांनी तिला समजवत न बसता नाव बदलले. माणसाला दोष देणारा शब्द गेला आणि चुकीकडे बोट दाखवणारा शब्द आला, आणि आज जगभर तेच नाव चालते.

आता तुमची विद्यार्थिनी. तिला एकटीला खोलीत बोलावून 'तुला वाईट वाटले का' असे विचारू नका. त्यामुळे उत्तर देण्याचे ओझे तिच्यावर पडते आणि बाहेर थांबलेल्या मुलांना हसण्यासाठी दुसरा विषय मिळतो. विनोद सगळ्यांसमोर झाला होता, तेव्हा दुरुस्तीही सगळ्यांसमोर व्हावी, आणि त्यात तिचे नाव येऊ नये. पुढच्या प्रात्यक्षिकाच्या सुरुवातीला, हजेरी झाल्यावर, दोनच वाक्ये बोला: आजवर मी जो विनोद सांगत होतो तो चुकीचा होता आणि तो पुन्हा सांगणार नाही, या वस्तूंना आपण यापुढे पिना आणि सॉकेट म्हणणार आहोत, आणि तसे का म्हणायचे ते आता दाखवतो. मग संगणकाची ती केबल टेबलावर ठेवा आणि हजेरीच्या क्रमाने चौघाचौघांना पुढे बोलवा, म्हणजे मागे उभे राहणारे कोणीच राहणार नाही. तिची पाळी येईल तेव्हा टेस्टर तिच्या हातात द्या, बोर्डाचा मेन स्विच बंद असल्याची खात्री तिलाच करू द्या, आणि जोडणीला लागू द्या. ती पहिल्या दिवशी काही विचारणार नाही, कदाचित दुसऱ्या दिवशीही नाही. तोवर तुम्ही प्रत्येक टेबलापाशी नवे शब्द न चुकता वापरत राहा. आणि एखाद्या मुलाने जुना विनोद पुन्हा काढला, तर ती पाहत असताना त्याला थांबवा.